सोलापूरहून गुवाहाटी: जायचे कसे, यायचे कसे

प्रश्न असा आहे: जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबातील मुलाला आयआयटी गुवाहाटीत प्रवेश मिळाला आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे हजर व्हायचे आहे. आई-वडील आणि ७२ वर्षांची आजी, सगळेच त्याला सोडायला निघालेत. सामान बरेच आहे, आजींना कामाख्या देवीचे दर्शनही हवे आहे. रेल्वेने जावे, विमानाने, की घरचीच गाडी काढावी?

आधी मुलाचे अभिनंदन. आता कामाचे बोलतो. तिकिटांच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर एवढे नक्की कळले आहे की लांबच्या प्रवासात लोक किती तास लागतील आणि किती पैसे लागतील एवढेच विचारतात. पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: या प्रवासात पक्के काय आहे? तुमच्या बाबतीत जाताना तारीख पक्की आहे. त्या दिवशी मुलगा तिथे नसला तर चालणार नाही. येताना मात्र तुमची कुणी वाट बघत नाही. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असायला हवा असे मुळीच नाही. लोक परतीचे तिकीट त्याच वाटेचे काढून मोकळे होतात आणि मग दोन्ही वेळा अडचणीत येतात.

घरच्या गाडीचा विषय पहिल्यांदा संपवू. नागपूर आणि कोलकात्यावरून गेलात तर अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पडते. दोन चालक आलटून-पालटून असले तरी पाच दिवस धरा, आणि सिलीगुडीच्या पुढे ऐन पावसाळा. हे तरुणांनी जानेवारीत हौसेने करावे. आजींना घेऊन जुलैत नको.

सोलापूरकरांना दिल्ली, चेन्नई, बंगळूर, भुवनेश्वर अवघड वाटत नाही, कारण दारावरून थेट गाड्या जातात. कर्नाटक एक्सप्रेस दौंड, मनमाड, भुसावळ, भोपाळ करत नवी दिल्लीला नेते, कोणार्क एक्सप्रेस सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम करत भुवनेश्वरला. अशी थेट गाडी असेल तर माझे उत्तर एका ओळीत संपते: त्या गाडीत बसा. गुवाहाटीचे तसे नाही. सोलापुरातून तिकडे रोजची थेट गाडी नाही, म्हणजे कुठेतरी जोड द्यावा लागणार. जोड कुठे द्यायचा यावर सगळे अवलंबून आहे, आणि सोलापूरला त्यासाठी तीन दिशा आहेत: मुंबई-कल्याण, पुणे आणि हैदराबाद.

नकाशा डोळ्यासमोर आणा. ईशान्येकडे जाणारा आपल्या देशातला प्रत्येक लोहमार्ग आणि प्रत्येक महामार्ग सिलीगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातो. सगळ्यात अरुंद ठिकाणी तो जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे. मुंबईहून निघा नाहीतर चेन्नईहून, न्यू जलपाईगुडी चुकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तर बिहार, उत्तर बंगाल आणि आसामात नद्या भरून वाहतात. रुळांवर पाणी आले की गाडी तासन्‌तास उभी राहते, कधी वळवतात, कधी रद्दच होते. हे दरवर्षी होईलच असे नाही, पण तारीख पक्की असताना हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

आता आपल्या बाजूचे बघा. मुंबईकडे जाताना खंडाळ्याचा घाट आहे. जुलैत तिथे दरड आली की गाड्या कर्जत-लोणावळ्यात अडकतात. खाली उतरलात तरी कुर्ला-सायनला पाणी भरले की विमानतळ गाठणे कठीण. म्हणजे मुंबईचा जोड घेतला तर या टोकाला पाऊस आणि रेल्वेने गेलात तर त्या टोकालाही पाऊस.

हैदराबादच्या वाटेवर घाटच नाही. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद असा राष्ट्रीय महामार्ग ६५ पठारावरून सरळ जातो. पर्जन्यछायेचा मुलूख असल्यामुळे पावसाने हा रस्ता बंद पडण्याचे प्रसंग फार थोडे. सोलापूर ते हैदराबाद साधारण ३१० किलोमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा साठेक किलोमीटर जास्त. तरीही गुवाहाटीसाठी मी हैदराबादच सांगेन. पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे आणि तिथे पोचायचे म्हणजे लोणी काळभोर ते हडपसरची गर्दी पोटात घ्यायची. हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, शहराच्या दक्षिणेला. सोलापूरकडून येणारी गाडी पटणचेरूला बाह्य वळण रस्त्याला लागते आणि शहरात पाऊलही न टाकता थेट शमशाबादला उतरते. पुण्याला शेवटचे तीस किलोमीटर किती वेळात संपतील हे कुणी सांगू शकत नाही, इकडे शेवटचा तासच सगळ्यात बिनघोर असतो.

हैदराबादहून गुवाहाटीला थेट विमाने असतात, हवेतला वेळ तीन तासांच्या आत-बाहेर. मुंबईहूनही आहेत. पुण्याहून बहुतेक वेळा दिल्ली किंवा कोलकात्याला बदलून जावे लागते. बदलावे लागलेच तर दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त पडते म्हणून दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढणारे पुष्कळ भेटतात. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही.

वेळ निवडताना आणखी एक गोष्ट बघा. आसाम पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलेच. जुलैत तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात तर साडेचारलाच अंधार. सोलापूरच्या सवयीने "सातला उतरू, अजून उजेड असेल" असे समजू नका. दुपारी दोन-तीनपर्यंत पोचणारे विमान घ्या. गुवाहाटीचा विमानतळ बोरझारला, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावर. आयआयटी उत्तर तीरावर, सरायघाट पूल ओलांडून. अंतर वीसेक किलोमीटर, पण अनोळखी गाव, पाऊस, सामान आणि आजी हे सगळे उजेडातच आवरलेले बरे.

सकाळचे विमान असेल तर सोलापुरातून रात्री निघावे लागेल. चौघे आणि सामान म्हणजे सरळ एक मोठी गाडी ठरवा. बसने जायचे तर सोलापूर-हैदराबाद बसगाड्या भरपूर आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू मंडळींचे निम्मे सोयरे तिकडेच, त्यामुळे ही वाट कधी ओस पडत नाही. बसने गेलात तर पटणचेरू किंवा मियापूरच्या बाजूला उतरून पुढे टॅक्सी घ्या. इमलीबन बसस्थानकापर्यंत शहरात जाऊन परत मागे येण्यात हशील नाही. रेल्वेने सिकंदराबादला उतरून विमानतळ गाठायचा विचार असेल तर तो सोडून द्या, संपूर्ण शहर आडवे येते.

तुम्ही विचाराल, आपल्या होटगी रस्त्याच्या विमानतळाचे काय? २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून केवढे रामायण झाले ते तुम्हाला माहीत आहे. जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली, पुढे मुंबईचीही. घरापासून पंधरा मिनिटांत विमान ही चैन मला मान्य आहे. पण लहान विमान, मोजक्या फेऱ्या, पुढचे विमान दुसऱ्या कंपनीचे आणि जुलैचे मुंबईचे आभाळ. पुढच्या विमानाला एक रात्र मध्ये ठेवणार असाल तरच हा जोड घ्या.

सामानाचे. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. चौघांचे मिळून ६० किलो झाले, विद्यार्थ्याच्या पहिल्या फेरीला ते पुरते. बादली, गादी, मच्छरदाणी, इस्त्री हे सगळे तिथे मिळते. सोलापुरी चादरसुद्धा आत्ता नको, जुलैत तिथे दमट उकाडा असतो. नोव्हेंबरात पार्सलने पाठवा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र सढळ हाताने न्या, वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मित्र त्यावरच जमतात. देवीसाठी ओटी नेत असाल तर सुके खोबरे बाजूला काढा, विमानात ते चालत नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा.

आजींसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. विमानतळावर ऐनवेळी मागितली तर मिळते, पण वाट बघावी लागते. "मला काय धाड भरली आहे" असे त्या म्हणतील. त्यांना सांगा की हैदराबादच्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंत चालणे पुष्कळ आहे आणि पाय कामाख्येच्या डोंगरासाठी राखून ठेवायचे आहेत.

येताना रेल्वे. इथे मी थोडा पक्षपाती आहे, कबूल. एवढा मोठा देश एकदा तरी खिडकीतून बघावा असे मला वाटते. शिवाय येताना गाडी सहा तास उशिरा आली तर बिघडते काय?

रेल्वेचे दोन मार्ग आहेत. पहिला, आसामहून कुर्ला टर्मिनसला येणाऱ्या गाड्यांचा: न्यू जलपाईगुडी, कटिहार, पाटणा, प्रयागराज, जबलपूर, इटारसी, भुसावळ, मनमाड, कल्याण. दोन दिवस आणि दोन रात्री एकाच डब्यात. या गाड्या रोज नसतात, वार बघून तिकीट काढावे लागते. या मार्गाने आलात तर कुर्ल्याला जाऊ नका. गाडीला थांबा असेल तर कल्याणलाच उतरा, सोलापूरच्या गाड्या तिथेच मिळतात. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघून सकाळी सोलापुरात सोडते. दुपारी कल्याणला पोचत असाल तर फेब्रुवारी २०२३ पासून सुरू असलेली वंदे भारत आहे, चार वाजल्यानंतर सीएसएमटीहून सुटते आणि अकराच्या आत घरी. पण दोन दिवसांच्या गाडीमागे वंदे भारतचे तिकीट लावणे म्हणजे जुगार. रात्रीची सिद्धेश्वरच धरा.

मनमाडला उतरून कर्नाटक एक्सप्रेस पकडता येते, कागदावर ती वाट सगळ्यात छोटी दिसते. तरुण माणूस एकटा असेल तर खुशाल. आजींना मनमाडच्या फलाटावर अवेळी बसवून ठेवू नका.

दुसरा मार्ग हावड्यावरून, आणि तुमच्यासाठी मला तोच जास्त पटतो. सरायघाट एक्सप्रेस दुपारच्या सुमारास गुवाहाटीहून निघते, रात्रभर चालून पहाटे हावड्याला येते. पुण्याची आझाद हिंद एक्सप्रेस हावड्याहूनच रात्री सुटते. म्हणजे जोड एकाच स्टेशनवर, मध्ये पूर्ण दिवस हातात, पहिली गाडी बरीच रखडली तरी दुसरी चुकत नाही. त्या दिवशी स्टेशनजवळ खोली घ्या, आंघोळी उरका, आजींना कालीघाट घडवा, दोन तास आडवे होऊ द्या. सलग ५० तास डब्यात बसण्यापेक्षा हे सत्तरीतल्या शरीराला मानवते. आझाद हिंद नागपूर, भुसावळ, मनमाड, अहिल्यानगर करत दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी पुण्याला आणते, पुढे सोलापूरच्या गाड्या दिवसभर आहेत.

यात एक खाच आहे. पुणे-मनमाड मार्गाच्या बऱ्याच गाड्या आता दौंड जंक्शनात शिरत नाहीत. पूर्वी तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागायचे, तो वेळ वाचवण्यासाठी दौंड कॉर्ड लाइन हे बाहेरचे स्टेशन झाले. सोलापूरच्या गाड्या मात्र जंक्शनात येतात. नकाशावर दोन्ही दौंडच दिसतात आणि लोक जोड तिथे लावून बसतात. मग सामान घेऊन रिक्षा शोधत फिरणे आले. पुण्यापर्यंत जाऊन परत या, तीन तास जास्त जातील, पण फलाट बदलण्यापलीकडे त्रास नाही.

हैदराबादचीही तीच गत. सिकंदराबाद, काचीगुडा, नामपल्ली आणि जानेवारी २०२५ पासून चर्लपल्ली. कुठली गाडी कुठून सुटते हे तिकीट काढताना आणि निघायच्या आदल्या दिवशी असे दोनदा बघा. जुन्या माहितीवर विसंबून सिकंदराबादला जाऊन बसणारे अजून भेटतात.

आता आरक्षण. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच आरक्षण उघडते, पूर्वीचे १२० दिवस गेले. आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडलेले नसेल तर आजच जोडा, जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. तरी दोन गाड्यांच्या प्रवासात तत्काळवर भिस्त ठेवू नका. एक मिळाले आणि दुसरे नाही, तर मिळालेल्याचे काय करणार?

वेटिंगची अक्षरे नीट वाचा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे गाडी जिथून सुटते तिथली सर्वसाधारण प्रतीक्षा यादी, ती सगळ्यात लवकर पुढे सरकते. मधल्या स्टेशनांना आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल मिळते, ती फार हळू हलते. सोलापूर बहुतेक लांबच्या गाड्यांचे मधले स्टेशन आहे, त्यामुळे हे दुखणे आपल्या पाचवीला पुजलेले. उपाय असा: तिकीट गाडीच्या मूळ स्टेशनपासून काढायचे आणि बोर्डिंग पॉइंट सोलापूर टाकायचा. चार पैसे जास्त जातात, पण सर्वसाधारण कोट्यातली जागा मिळते. एकदा सोलापूर टाकले की मूळ स्टेशनवरून चढता येत नाही, एवढे ध्यानात असू द्या. तुमच्या परतीच्या दोन्ही मोठ्या गाड्या सुटतात तिथूनच तुम्ही बसणार आहात, म्हणून ही कसरत तुम्हाला लागणार नाही. ही गोष्ट मुलाला शिकवून ठेवा, पुढची चार वर्षे त्याला ये-जा करायची आहे.

आजींना खालचा बर्थ हवा, आणि इथे बहुतेक घरे चुकतात. खालच्या बर्थच्या कोट्यात ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला बसतात, पण तिकिटावर एकच किंवा दोनच प्रवासी असतील आणि दोघेही त्या अटीत बसत असतील तरच. तिघांचे तिकीट एकत्र काढले की तो कोटा गेला. आईंचे वय ४५ च्या वर असेल तर आजी आणि आई एका तिकिटावर, वडील वेगळ्या तिकिटावर. वडिलांना कदाचित दुसरा डबा मिळेल. एक-दोन रात्री तेवढे चालवून घ्यावे. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती हिशेबात धरू नका.

डबा टू एसी घ्या. थ्री एसीत मधला बर्थ उघडला की खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही, आणि आजींना रात्री दोन-तीनदा उठावे लागत असेल तर ते अवघड जाते. टू एसीत माणशी ५० किलो सामान चालते, थ्री एसी आणि स्लीपरमध्ये ४०. परतताना तुमचे सामान हलकेच असेल.

दोन गाड्यांचे पीएनआर आयआरसीटीसीवर एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसरीचे पैसे मागता येतात, पण दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावे-वये तंतोतंत तीच हवीत. एकीकडे आधारवरचे पूर्ण नाव आणि दुसरीकडे घरातले हाकेचे नाव असे करू नका.

खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, तो रोज बदलतो. विमानाच्या चार तिकिटांत आणि टू एसीच्या चार तिकिटांत तुम्हाला वाटतो तेवढा फरक नसतो, विशेषतः विमानाचे महिना-दीड महिना आधी काढले तर. रेल्वेच्या बाजूला वाटेतले जेवण, कोलकात्यातली खोली, रिक्षा-टॅक्सी आणि वडिलांची रजाही मोजा. खिसा फारच आवळावा लागत असेल तर वडील आणि मुलगा दोघेच विमानाने जाऊ द्या आणि आजींची कामाख्या नोव्हेंबर-फेब्रुवारीत ठेवा. तेव्हा आसामची हवा सुरेख असते. एवढेच की त्या दिवसांत रेल्वेने निघालात तर बिहारातले धुके गाड्यांना रखडवते, म्हणून जोडाच्या मध्ये पूर्ण दिवस तेव्हाही ठेवा.

हजर राहायची तारीख हातात आली की एक दिवस आधी पोचाल असे विमान आजच बघा. परतीचे आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडेल. सरायघाट आणि आझाद हिंद, दोन्हींचे वेगवेगळे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण दोन गाड्यांच्या तारखांत एका दिवसाचा फरक आहे आणि दोन्ही आरक्षणे एकाच सकाळी उघडणार नाहीत.